गोरक्षनाथ पेंटरचा मर्यादांचा कागद

पाथर्डीत गोरक्षनाथ पालवे कुठं राहतात असं विचारलंत तर लोक तुमच्याकडे बघत राहतील. पेंटर कुठं राहतो असं विचारा, म्हणजे कोणीतरी गाडीवर बसवून दारापर्यंत सोडेल. त्यांनी ब्रश खाली ठेवला त्याला बारा वर्षं झाली, तरी माणूस पेंटरच राहिला. मीही पेंटरच म्हणते. ते मला बाई म्हणतात. नगरला मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला दुसरं काही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही.

पेंटरचा जन्म ऊसतोडीच्या तळावर, पाचटाच्या कोपीत झाला. आईवडील दसऱ्यानंतर टोळीबरोबर निघायचे ते उन्हाळ्यात परतायचे. त्यामुळे शाळा वर्षातून सहा महिने, आणि तीही नववीला संपली. अक्षर मात्र असं की गुरुजी फळ्यावरचा सुविचार त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. अठराव्या वर्षी शेवगाव रस्त्याला पत्र्याचं दुकान टाकलं आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं त्या भागातली किराणा दुकानं, टेम्पोची कपाळं, शाळांच्या भिंती, पतसंस्थांचे बोर्ड सगळं त्यांच्या हातचं. मग फ्लेक्स आला. पेंटर आठ दिवस रुसून बसले, नवव्या दिवशी फ्लेक्सवाल्याकडेच कम्प्युटर शिकायला गेले. रडत बसणाऱ्यांविषयी मला फार सहानुभूती नाही, त्यामुळे ही गोष्ट कळली तेव्हाच तो माणूस मला आवडला. आमच्या संस्थेला पाथर्डीच्या दवाखान्यात नोंदी करायला कोणी हवं होतं. तिथं ते लागले.

आमची संस्था ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या तब्येतीचं काम करते. बाई पाथर्डीला तपासून घेते आणि पाच महिने कोपरगावच्या फडात असते. तिची माहिती तिच्यामागून तिकडे गेली पाहिजे. पाथर्डी, सोनई, नगर, कोपरगाव: चार संस्था, नोंदी ठेवायची चार प्रकारची यंत्रं. एकाचं दुसऱ्याला कळावं म्हणून सगळ्यांनी माहिती एकाच मांडणीत पाठवायची असं ठरलं: आधी नाव, मग वय, रक्तगट, लसी, आणि शेवटी डॉक्टरांची सूचना. ही मांडणी कलमवार लिहून काढली आणि तिला 'समान नमुना' असं नाव दिलं. मराठी मसुदा माझ्याकडे आला. मी विश्वस्त, शिवाय माझ्या मराठीत पाणी घातलेलं नसतं अशी ख्याती.

त्या मसुद्याचं नववं कलम मी असं लिहिलं: 'प्रत्येक यंत्रणेला आपल्या सोयीनुसार मर्यादा ठेवता येतील.' सात शब्द. कोणाचं यंत्र पाच पानं घेतं, कोणाचं पाच ओळी; त्या भानगडीत नमुन्यानं पडू नये असा त्याचा अर्थ. मला हे वाक्य फार नेटकं वाटलं होतं. मसुदा मंजूर करणाऱ्या समितीतही कोणी हूं की चूं केलं नाही. चर्चा झाली ती फक्त मुखपृष्ठाच्या रंगावर, तीही पाऊण तास.

आता रेश्माची गोष्ट. रेश्मा पाथर्डीजवळच्या एका वस्तीवरची, वय तेवीस. गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका जखमेसाठी तिला आमच्या दवाखान्यात पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत तिचा गळा सुजला. जीव वाचला. डॉक्टरांनी सूचना सांगितली, पेंटरनी ती नोंदवली: 'यापुढे जखमेसाठी पेनिसिलीनचे इंजेक्शन देऊ नये.' दिवाळीच्या सुमाराला रेश्मा नवऱ्याबरोबर कोपरगावकडच्या एका तळावर गेली. जानेवारीत, सातवा महिना चालू असताना, ऊस तोडताना कोयता नडगीला लागला. जखम चिघळली, ताप चढला. तळावरच्या दवाखान्यात फिरतीच्या डॉक्टरांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन लिहून दिलं आणि ते पुढच्या तळावर गेले. तिथली नर्स ज्योती. नियमाप्रमाणे तिनं हातातल्या छोट्या यंत्रावर रेश्माची नोंद उघडली. रेश्मा 'सुई नको, सुई नको' म्हणत होती, पण सुई नको असं कोण म्हणत नाही?

ज्योतीनं पेंटरना फोन लावला.

"पेंटर, पूर्णविराम कुठाय?"

"कसला पूर्णविराम?"

"रेश्माच्या सूचनेचा. तुम्ही शिंकलात तरी पुढं टिंब देता. इथं वाक्य उघडंच आहे."

"वाचा बरं, ज्योतीताई, काय लिवलंय."

"यापुढे जखमेसाठी पेनिसिलीनचे इंजेक्शन देऊ."

पेंटर म्हणतात की त्यांच्या हातातला चहाचा कप त्यांनी नेमका कुठं ठेवला ते त्यांना आजवर आठवत नाही.

"सुई भरली का?"

"भरलीय."

"खाली ठिवा. आदी खाली ठिवा, मंग सांगतो."

रेश्मा वाचली ती एका टिंबामुळे. म्हणजे खरं तर ज्योतीला त्या टिंबावरून पेंटरची थट्टा करायची सवय होती म्हणून. मार्चमध्ये तळावरच मुलगी झाली. दोघी ठणठणीत. बाकीचे सगळे 'देवाची कृपा' म्हणून मोकळे झाले. पेंटर झाले नाहीत.

एप्रिलमधल्या एका दुपारी ते नगरला माझ्याकडे आले. पाथर्डीहून एसटीनं, उन्हात. पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, तुमचं नववं कलम वाचलं."

"मग? शुद्धलेखन चुकलंय?"

"न्हाई. लई शुद्ध हाय. म्हनून तर कुनाच्या नजरंत येत न्हाई."

मला राग आला. मी त्यांना सांगितलं की यंत्र म्हटलं की मर्यादा आलीच. नमुना सगळ्यांसाठी असतो, त्यात एकेका यंत्राची रड घालत बसलो तर उद्या यंत्र बदललं की नमुना बदला. ही समितीची बाजू होती आणि ती निम्मी बरोबर आहे असं मला अजूनही वाटतं.

"ठिवा की मर्यादा," पेंटर म्हणाले. "मी कुटं नको म्हनतो? माज्या बोर्डाला काय कडा नव्हती? पन मी गिऱ्हाइकाला आदी सांगत हुतो, दादा, ह्या पत्र्यावर इतकंच बसंल, तुमच्या बापाचं नाव खाली घ्यावं लागंल. तुमच्या कलमात मर्यादा ठिवायची मुभा हाय. सांगायची सक्ती न्हाई."

मग त्यांनी पिशवीतून वही काढली.

तीन महिने हा माणूस चारही यंत्रांच्या मागे लागला होता. त्यानं एक खोटी नोंद बनवली, नाव दिलं 'चाचणी', आणि सूचनेत नुसते आकडे शब्दांत लिहिले: एक दोन तीन चार, असे दोनशेपर्यंत. ती नोंद प्रत्येक ठिकाणी पाठवायची आणि फोन करून विचारायचं, "शेवटचा शब्द कंचा आला?" सोनईच्या दवाखान्यातली मुलगी म्हणाली, काहीच आलं नाही, 'मजकूर जास्त आहे' असं लाल अक्षरात दिसतंय. नगरच्या कार्यालयात सगळं आलं, पण दोन तुकड्यांत, आणि दुसरा तुकडा उघडायला वेगळं बटण. कोपरगावच्या तळावर ज्योतीनं वाचलं, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा," आणि थांबली. "पुढं काय नाय. आणि काय म्हणत पण नाय."

वहीत त्यांनी रकाने पाडले होते. यंत्र कुठलं. किती घेतं. जास्त झालं तर काय करतं. हे कधी तपासलं, कोणी तपासलं. चौथीतल्या मुलालाही कळेल असा कागद. मी तिसऱ्या रकान्यावर अडकले. किती मावतं हे विचारायचं मला कदाचित सुचलं असतं. मावलं नाही तर यंत्र बोलतं की गप्प बसतं, हे विचारायचं सुचलं नसतं.

"पण त्या कंपनीच्या पुस्तिकेत तर लिहिलंय," मी म्हटलं. हातातली यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची पुस्तिका माझ्याकडेही होती. "सूचना: एकशेवीस अक्षरे. रेश्माची सूचना किती अक्षरांची होती?"

"मोजा तुमीच."

मी मोजली. या-पु-ढे, तीन. ज-ख-मे-सा-ठी, पाच. शेवटपर्यंत बावीस भरली.

"बावीस," मी म्हटलं. "मग?"

"ही माजी अक्षरं. पेंटरची. बोर्डावर 'क्श' काढला की त्याला मी एक अक्षर म्हननार. मशीन तसं म्हनत न्हाई. ते 'क्श'चे तीन तुकडे करतं: क, त्याचा पाय मोडायची खूण, आनि श. 'ये'चे दोन. आनि दर तुकड्याला तीन-तीन घरं लागत्यात. इंग्रजीतल्या ए-बी-सी-डीला एकेकच घर पुरतं. त्या एकशेवीसमदी घरं मोजल्यात, बाई. अक्षरं न्हाई."

हे त्यांना कोणी सांगितलं? कंपनीच्याच इंजिनिअरनं, फोनवर. पेंटरनी त्याला साळसूदपणे विचारलं होतं की साहेब, तुमची मशीन मोजते तरी कशी.

मी पेन्सिल घेतली. 'यापुढे'चे सहा तुकडे, 'जखमेसाठी'चे आठ, 'पेनिसिलीनचे'चे अकरा, 'इंजेक्शन'चे आठ, 'देऊ'चे तीन. छत्तीस तुकडे, एकशे आठ घरं. शब्दांमधल्या चार मोकळ्या जागांना एकेक, एकशे बारा. पुन्हा एक मोकळी जागा, एकशे तेरा. 'नये'ला नऊ घरं. एकशे बावीस.

टिंब धरलं नाही तरी दोन घरं कमी पडली होती.

मी तीनदा बेरीज केली. तीस वर्षं मुलींना हातचा विसरू नका म्हणून सांगितलं, पण माझी बेरीज चुकली असती तर बरं, असं मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं.

"पण 'न' तरी उरायला हवा होता," मी म्हटलं. "एकशे सोळापर्यंत 'न' मावतो. अर्धा शब्द का नाही दिसला?"

"मशीन अर्धा शब्द टाकून देतं. दिसायला बरं दिसावं म्हनून."

पेंटर समितीच्या ऑगस्टमधल्या बैठकीला येतील आणि हा कागद नमुन्याला जोडण्याचा ठराव मी मांडीन असं आम्ही ठरवलं. घाई होती. दसऱ्यानंतर टोळ्या निघणार. रेश्माही निघणार, या वेळी तान्ह्या मुलीला घेऊन, त्याच तळावर. हंगामाआधी यंत्रं बदलणार नाहीत असं कंपनीनं आधीच कळवलं होतं. तेव्हा यंत्र जसं आहे तसंच राहणार. ते कसं आहे हे निदान प्रत्येक नर्सच्या आणि प्रत्येक नोंद करणाऱ्याच्या हातात कागदावर असलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मध्ये एकदा पाथर्डीला काम निघालं तेव्हा मी त्यांच्या घरी जेवले. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर रंगीत अक्षरांत काही ना काही लिहिलेलं. पिठाच्या डब्यावर 'गळ्यापर्यंतच. वर झाकण बसत नाही.' त्यांची बायको भागूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "बघा ना बाई, डब्यालाबी बोलतं केलंय. माज्यावर कायबी लिवलं न्हाई आजून, तेवढं नशीब."

"तुजी मर्यादा मला म्हाईत हाय," पेंटर म्हणाले.

"हाय ना? मंग दुसरी भाकरी आपली आपुन घ्या."

ऑगस्टची बैठक नगरला झाली. चारही संस्थांची माणसं आणि कंपनीचा इंजिनिअर समर्थ. तीस-बत्तीसचा, हुशार, बोलायला नम्र. सगळ्यांना वाटत होतं की मी अर्ध्या तासात ठराव करून घेईन. मलाही तसंच वाटत होतं.

समर्थ म्हणाला, "मॅडम, पेंटरकाकांचं काम छानच आहे. पण नमुन्यात एका कंपनीचं यंत्र अमुक इतकंच घेतं असं छापलं, तर उद्या कोण आमचं यंत्र घेईल? शेजारच्या ओळीत पाचशे आणि आमचे एकशेवीस. मर्यादा सगळ्यांनाच असतात. आमचं यंत्र उन्हात बारा तास चालतं, ते कोणी छापत नाही."

हे खोटं नव्हतं. नगरच्या कार्यालयातले साहेबही म्हणाले की नमुना स्वच्छ ठेवावा, यंत्रांच्या कुंडल्या त्यात नकोत. म्हणजे माझंच एप्रिलमधलं वाक्य, फक्त माझ्यापेक्षा हळू आवाजात. माना हलायला लागल्या.

"आणि शेवटी," समर्थ म्हणाला, "मजकूर थोडक्यात लिहिला तर प्रश्नच येत नाही. आम्ही तपासलं तेव्हा सगळं नीट जात होतं."

"कंच्या भाषेत तपासलं?" पेंटरनी विचारलं. ते भिंतीशी बसले होते.

"इंग्रजीत. का?"

"इंग्रजीत शेपूट कापलं तर काय जातं, सांगू? 'डू नॉट' आदी येतं. नकार म्होरं चालतो. मागचं कितीबी कापा, नकार ऱ्हातो. आपल्यात नकार शेवटाला बसतो. देऊ नये. जाऊ नका. येत न्हाई. कापनारा नेमका त्योच कापतो. आनि उरलेलं वाक्य तोडलेल्या खोडक्यावानी दिसत न्हाई, साहेब. चांगलं पुरं वाक्य दिसतं. उलटं."

मग ते म्हणाले, "मी एकोनीस वर्षाचा आसताना आमच्या शेजारच्या गावात इहिरीच्या भिताडावर 'या विहिरीत पोहू नये' लिवायला गेल्तो. 'या'पासून सुरवात केली, मोठी-मोठी अक्षरं काढली आनि 'पोहू'ला भिताड संपलं. 'नये' कोपऱ्याच्या पल्याड घेतलं. दुसऱ्या दिशी रस्त्याकडच्या बाजूनं पोरांनी वाचलं. हेडमास्तर मला शोधत आले तवा आठ जन इहिरीत हुते. कोन बुडलं न्हाई. पन तवापासून मी कायबी लिवायचं तर आदी शेवटच्या शब्दाची जागा धरतो. मंग म्होरला."

हसू झालं. समर्थही हसला. पण हसून झाल्यावर तो पुन्हा म्हणाला की कंपनीच्या वतीनं तो काही भरून देऊ शकत नाही. फार तर 'एकशेवीस अक्षरे' एवढंच लिहा.

"कुनाचं अक्षर?" पेंटर म्हणाले. "तुमचं नाव बोर्डावर काढलं तर तीन अक्षरं. स, म, र्थ. तुमच्याच मशिनीत ते पंधरा घरं खातं. मी तीन लिवू का पंधरा?"

समर्थनं बोटांवर मोजलं. मोजून झाल्यावर त्यानं आपला लॅपटॉप मिटला. मला वाटलं, गेला ठराव. मी पाणी प्यायले आणि मनात शब्द जुळवायला लागले की पुढच्या वर्षी बघू, तोवर रेश्माच्या डॉक्टरांना फोन करून ठेवू. दर वेळी एकेका रेश्मासाठी फोन. आमच्यासारख्या संस्थांचं असंच चालतं.

तेवढ्यात पेंटर उठले आणि म्हणाले, "म्या कागद वाचून तर दावतो. मंग तुमी नको म्हना."

आणि त्यांनी पहिली ओळ वाचली. 'पाथर्डी केंद्र. सूचनेत पाचशे तुकडे मावतात. सूचना लिहिताना मध्येच नवी ओळ सुरू केली तर नवी ओळ पुढे जात नाही. यंत्र काही सांगत नाही. तपासले: गोरक्षनाथ पालवे. आजवर अशा अकरा नोंदी अर्ध्या गेल्या, त्यातल्या सहा माझ्या हातच्या.'

पाथर्डी केंद्र म्हणजे आम्ही. यंत्रणा आमची, विश्वस्त मी. एप्रिलमध्ये मी वही पाहिली तेव्हा ही ओळ त्यात नव्हती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला राग आला.

"हे मला आधी का नाही सांगितलं?" मी तिथंच विचारलं. मला वेगळं बोलवून कुजबुजायची सवय नाही.

"जूनमदी घावलं, बाई. सांगितलं आसतं तर तुमी म्हनला आसता, आदी दुरुस्त करू, मंग लिवू."

मी तसंच म्हटलं असतं. शब्दशः. आणि दुरुस्ती व्हायला दिवाळी उजाडली असती, तोवर कागदावर आमच्यापुढे एक चकचकीत पाचशेचा आकडा दिसला असता.

समर्थ मघापासून त्या कागदाकडे बघत होता. त्यानं हात पुढे केला. "द्या इकडं," म्हणाला. त्यानं स्वतःचं पेन काढलं आणि आपल्या ओळीत लिहिलं: 'एकशेवीस घरे. मराठी मजकुराचे सुमारे चाळीस तुकडे. जास्त झाल्यास शेवटचे शब्द गाळले जातात. वापरणाऱ्याला कळत नाही.' थोडं थांबून 'वापरणाऱ्याला'च्या आधी 'सध्या' घातलं. मग मला म्हणाला, "मॅडम, यावरून मला ऑफिसात बोलणी खावी लागतील."

"खा," मी म्हटलं. "मी आत्ताच खाल्ली."

नववं कलम त्याच टेबलावर नव्यानं लिहिलं. मर्यादा ठेवता येतील. ठेवलेली प्रत्येक मर्यादा परिशिष्टात जाहीर करावी लागेल. किती, कशात मोजलेली आणि ओलांडल्यास काय होते, ही तिन्ही द्यावी लागतील. जो सांगणार नाही त्याच्या नावापुढे 'सांगितलेली नाही' असे छापले जाईल. सात शब्दांचे तीसच्या वर झाले. मला लांब वाक्यं आवडत नाहीत, पण एक शब्दही काढता येईना.

एका मुद्द्यावर मात्र पेंटरचं आणि माझं जमलं नाही. त्यांचं म्हणणं, सगळ्या सूचना नकारानं सुरू करायच्या: 'नको: पेनिसिलीन.' मी म्हटलं, ही मराठी नाही, ही तार आहे. ते म्हणाले, "तार तर तार. पोचती." दोन आठवडे आम्ही फोनवर भांडलो. शेवटी मी घरात बसून माझ्या पद्धतीनं, क्रियापदासकट, चाळीस तुकड्यांच्या आत बसेल अशी मनाईची सूचना लिहायचा प्रयत्न केला. बसत होती. पण औषधाचं नाव जरा लांबलं की 'नये' पुन्हा काठावर जाऊन उभा राहायचा. मी फोन केला आणि म्हटलं, "लिहा तुमचं नको." ते "व्हय" म्हणाले. जिंकल्याचा सूर लावला असता तर मी फोन आपटला असता.

दसरा झाला. टोळ्या निघाल्या त्या दिवशी स्टँडजवळ ट्रकांच्या रांगेत पेंटर हातात कागदांचा गठ्ठा घेऊन फिरत होते, आमच्या प्रत्येक आरोग्यसेविकेला एकेक देत होते. रेश्मा ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्याला टेकून बसली होती, मांडीवर मुलगी. पेंटरनी तिला कागद दिला नाही, तिला वाचता येत नाही. तिला त्यांनी तोंडी सांगितलं, "सुई नको म्हनू नको आता. पेनिसिलीन नको म्हन. त्या सुईचं नाव घे."

"पेनिशिलीन," ती म्हणाली.

"पुन्यांदा."

"पेनिशिलीन नको. पेनिशिलीन नको. झालं का, पेंटरभाऊ? का भिताडावर लिवून देता?"

नोव्हेंबरात मी स्वतः कोपरगावच्या तळावर गेले, पेंटरना घेऊन. मला बघायचं होतं. ज्योतीच्या दवाखान्याच्या पत्र्याच्या खोलीत दहा-बारा बायका बसलेल्या. रेश्मा मुलीला लस द्यायला आली होती. ज्योतीनं यंत्र उघडलं, पेंटरपुढे धरलं. 'नको: पेनिसिलीन. गळा सुजतो.' सगळं आलं होतं आणि पुढं जागा शिल्लक होती. ज्योती म्हणाली की गेल्या महिन्यात दोन बायकांच्या सूचना अपुऱ्या वाटल्या, तेव्हा तिनं कागदावर बघितलं, चाळीस तुकड्यांच्या काठावर आहेत असं दिसलं आणि पाठवणाऱ्याला फोन केला. दोन्ही ठिकाणी पुढं 'नये' होता. हे तिनं कपाटातून सिरिंज काढता काढता सांगितलं. पेंटरनी उगाचच चष्मा पुसला.

कागद औषधाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. दार उघडं होतं म्हणून मी जवळ जाऊन पाहिला. छापलेल्या चार ओळींखाली पाचवी ओळ निळ्या पेनानं लिहिलेली होती. अक्षर ज्योतीचं.

'नर्स, तळ. दिवसाला साठ पेशंट. जास्त झाले तर चुका होतात. कोणाला सांगत नाही.'

मी पेंटरना हाक मारली. त्यांनी वाचलं, दोनदा. बाहेर आणखी एक ट्रॅक्टर येऊन थांबला होता, त्यातून बायका उतरत होत्या. ज्योतीनं आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "थट्टेनं लिहिलंय हो. खोडते."

"खोडू नका," पेंटर म्हणाले. "आज किती झाले?"

"चौऱ्याहत्तर. अजून ह्या आहेत."

पेंटरनी खिशातून पेन काढलं. "तपासल्याची तारीख टाकली न्हाई तुमी," ते म्हणाले आणि त्या ओळीच्या शेवटी त्या दिवसाची तारीख घातली. मग पेन माझ्याकडे दिलं. "विश्वस्तांची सही लागंल, बाई."

मी सही केली. दुसऱ्या नर्ससाठीचा अर्ज मी परतीच्या वाटेवर गाडीतच लिहायला घेतला, आणि पहिल्या ओळीत 'जमत नाही' कुठं ठेवायचं यावरून आमचं राहात्यापर्यंत भांडण चाललं होतं.